भिंतीवरची अक्का

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५

अक्का,

दादाच्या वास्तुशांतीतून तू न जेवता गेलीस. वहिनींनी तुझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. दुपारी चारला दादानं विचारलं, "अक्का कुठाय?" तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की तू घरातच नाहीस. मी खाली रस्त्यापर्यंत पळत गेले. मग कन्नडला तुझ्या शेजारच्या भागूबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "आली की कवाच. कुलूप काढून आत गेलीया."

दोन दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. म्हणून पत्र लिहिते. शेवटचं पत्र तुला होस्टेलवरून लिहिलं होतं, तेव्हा तू त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या पेनानं दुरुस्त करून परत पाठवलं होतंस. आताही चुका असतील.

मला वाटतं, तुला दादाच्या हॉलमधल्या भिंतीचा राग आला. ते कसं झालं ते सांगते म्हणजे तुझा गैरसमज राहणार नाही.

दादाला नव्या घरात एक पूर्ण भिंत आपल्या फोटोची हवी होती. कारखान्याच्या चाळीपुढं काढलेला तो फोटो. आई, अण्णा, दादा, आणि मला कडेवर घेतलेली तू. तू सतरा वर्षांची होतीस, मी पाच. दादानं तो फ्रेममधून काढला तर निम्मा काचेलाच चिकटून बसलेला. पोस्टकार्डाएवढा फोटो आणि भिंत तेरा फूट रुंद. माझं कामच ते आहे, लोक वॉलपेपरसाठी चित्रं आणतात आणि मी ती छापण्याजोगी करून देते. पण एवढं कठीण काम मी आजवर केलं नव्हतं. आधी स्कॅन करायचं, मग मोठं करायचं, मोठं केलं की नुसते ठिपके दिसतात, म्हणून त्याला रंगवलेल्या चित्राचं रूप द्यायचं. मग भिंतीचे चार उभे पट्टे पाडायचे. पट्ट्यांचा सांधा कुणाच्या चेहऱ्यावर येऊ नये, दिव्याचं बटण कुणाच्या डोळ्यात येऊ नये. तुला मी तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध घेतलं होतं.

तर त्या फोटोला बुरशी लागली होती. सगळीकडं पांढरे डाग. आईच्या पदरावर, अण्णांच्या टोपीवर, मागच्या लिंबावर. ते डाग एकेक करून पुसावे लागतात. शेजारचा चांगला रंग उचलायचा आणि डागावर भरायचा. असे हजारभर डाग मी पुसले. त्या पुसण्यात तुझ्या तोंडावरचं कोडही गेलं असणार. कॉम्प्युटरला बुरशी कुठली आणि कोड कुठलं हे कसं कळणार? माझ्याही लक्षात आलं नाही.

सकाळी पूजेच्या आधी तू भिंतीपुढं उभी राहून म्हणालीस, "तोंड बरं झालं की गं माझं." आणि हसलीस. मला वाटलं, तुला आवडलं.

बाकी त्या दिवशी घरात एवढी गर्दी होती. कोण कुणाला काय बोललं ह्याला काही अर्थ नसतो. तुझ्या कानावर काही पडलं असेल तर ते अर्धंमुर्धं असेल.

फोन उचल. अंगणवाडीत असशील तर सुटल्यावर कर.

तुझी मोनिका


२७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

पत्र पोचलं हे मला भागूबाईंकडून कळलं. "वाचलं आन् डब्यात ठिवलं," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे तू माझं म्हणणं खरं धरलं नाहीस.

बरोबर आहे तुझं. बुरशी आणि कोड मला वेगळं ओळखता येतं. कोडाची कड कशी असते, तुझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ती गालावर कशी चढते, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पाच वर्षांची असल्यापासून त्या गालाला गाल लावून झोपले आहे.

खरं ते लिहिते. दादाच्या राजनंदिनीचं जमत आलंय, हे तुला दादानं सांगितलंच असेल. मुलगा सार्थक वाळूजला कंपनीत आहे. त्याचे आजोबा तात्यासाहेब, त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते वास्तुशांतीला येणार हे ठरलेलं होतं. वहिनी माझ्याकडं दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, पाहुणे पहिल्यांदा घरी यायलेत. समोरच भिंत. लोक कोडाला काय काय म्हणतात तुम्हाला माहीत हाय. तेवढं जरा झाकता येतंय का बघा." पोरीच्या आयुष्याचा प्रश्न म्हटल्यावर मी नाही कसं म्हणू? तू असतीस तरी हेच केलं असतंस. मला बघायला आले तेव्हा तू स्वतःहून ट्रेनिंगचं निमित्त काढून दोन दिवस खुलताबादला जाऊन राहिली होतीस. मला सगळं आठवतं. मी कधी बोलले नाही एवढंच.

म्हणजे राजनंदिनीसाठी तूही तेच केलं असतंस, असं मला म्हणायचंय. फक्त विचारायला हवं होतं. तेवढी माझी चूक.

तात्यासाहेबांशी मी काय बोलले ते माझं मलाच धड आठवत नाही. त्यांनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. हातात हळदीकुंकवाचं ताट होतं.

तू अंगणवाडीतल्या पोरांचं सांगायचीस, की ती तुझ्या तोंडाला हात लावून विचारतात, "बाई, तुमच्या तोंडावर ढग आलेत का?" आणि तू म्हणतेस, "व्हय, पण पाऊस नाय पडत." तुला कोडाचं कधी काही वाटलं नाही. मग एका चित्राचं एवढं का वाटावं?

एक शब्द तरी पाठव. रागाचा पाठवलास तरी चालेल.

तुझी मोनिका


९ डिसेंबर २०२५

अक्का,

काल वहिनी आल्या. वास्तुशांतीचा प्रसाद तुला मिळाला नव्हता म्हणून त्या रविवारी एसटीनं कन्नडला गेल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. तू त्यांना चहा केलास आणि माझं दुसरं पत्र त्यांच्या हातात दिलंस.

तेच पत्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. छपाईच्या मशीनवर माझ्या हाताखालची सदफ होती, तिच्यादेखत. म्हणाल्या, "मी कवा आले होते वन्सं तुमच्या दुकानात? ही पायरी आज पहिल्यांदा चढले मी."

त्या उभ्याच होत्या. "माझ्या लग्नात आवडाक्कांनी सात ब्लाउजं शिवली होती मला. त्यांना झाका म्हणून मी सांगीन?" मग त्या रडायला लागल्या. सदफनं त्यांना पाणी दिलं.

वहिनी तसं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या आल्याच नव्हत्या. फाइल मी दसऱ्याच्या आठवड्यात केली, तेव्हा सार्थकचं स्थळ आलंसुद्धा नव्हतं. कुणीही मला काही सांगितलं नव्हतं. मीच केलं.

आता सगळं लिहिते. हे पत्र वाचून डब्यात ठेव नाहीतर चुलीत घाल.

बुरशीचे डाग पुसायला मला तीन दिवस लागले. तुझा चेहरा मी शेवटी ठेवला होता. पडद्यावर तो एवढा मोठा केला की ओठच हातभर झाले. पहिल्यांदा मी फक्त बुरशी काढली. कोड तसंच ठेवलं. मग थोडं लांब जाऊन बघितलं. दादाच्या हॉलमध्ये शिरलं की सगळ्यांत आधी तेच दिसणार होतं. मी परत बसले आणि ओठांच्या कोपऱ्यातलं थोडं भरलं. मग डोळ्याखालचं. मग माझ्या पाठीवर ठेवलेल्या तुझ्या हाताची बोटं. तासभर लागला. आणि अक्का, ते करताना मला बरं वाटत होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझा चेहरा पुरा एका रंगाचा झाला तेव्हा मी खुर्चीत मागं टेकून बघत राहिले. वाटलं, ही अशी असती तर हिला तेव्हाच कुणी करून घेतलं असतं, हिचा संसार झाला असता. असं म्हणत मी स्वतःलाच फसवत होते. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटत होतं.

छापायच्या आधी सदफनं फाइल बघितली. टेबलावर मूळ फोटो पडला होता. ती म्हणाली, "मॅडम, असल फोटो में तो इनके मुँह पे कुछ था ना? इधर नहीं दिखरा."

मी म्हणाले, "बुरशी होती."

सदफनं फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग खाली ठेवला आणि मशीन सुरू केलं. तिला कळलं होतं.

तू मला शहरात शिकायला आणलंस तेव्हा गुलमंडीत ड्रेसचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं तुझ्या हातात कापड द्यायच्या ऐवजी ते गादीवर टाकलं आणि हात मागं घेतला. तुला काही वाटलं नाही, निदान तू दाखवलं नाहीस. त्या दिवसापासून दुकानात वस्तू मीच हातात घ्यायला लागले, रस्त्यानं तुझ्या डाव्या बाजूनं चालायला लागले. तू भागूबाईंना कौतुकानं सांगायचीस, "मोनी मला गाड्यांपासून जपती." मी जपत नव्हते. लोकांना तुझा डावा गाल दिसू नये म्हणून मध्ये येत होते. माझं नाव तू ठेवलंस, मला पाटीवर अक्षर गिरवायला तू शिकवलंस, माझ्या फीसाठी तू शिवणाच्या मशीनवर पाठ मोडून घेतलीस, आणि मी पंचवीस वर्षं रस्त्यात तुला झाकत आले. भिंतीवर तेच केलं, एवढंच.

आता त्या दिवसाचं. ते मला आठवत नाही असं लिहिलं होतं. मला शब्दन् शब्द आठवतो.

तात्यासाहेब जेवून उठले आणि भिंतीपुढं येऊन उभे राहिले. चष्मा लावून बघायला लागले. मी जवळच होते. त्यांनी बोट करून विचारलं, "ही कडेवरची तुम्ही व्हय?"

मी हो म्हणाले.

"आन् ही थोरली?"

"माझी बहीण."

"कुठं दिली हिला?"

तू माझ्या मागं होतीस. पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन, दोन हातांवर. मला माहीत होतं. तुझ्या बांगड्यांचा आवाज मला ओळखता येतो. मला एवढंच म्हणायचं होतं की दिली नाही, ती कन्नडला असते, ही बघा इथंच आहे. पण मग त्यांनी तुझ्याकडं बघितलं असतं, मग भिंतीकडं बघितलं असतं, आणि मी काय केलं ते सगळ्या घराला कळलं असतं. राजनंदिनीचं लग्न तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी मला वाचवत होते.

मी म्हणाले, "ती आता नाही."

"अरेरे," तात्यासाहेब म्हणाले. "लई गोड पोर दिसती." आणि त्यांनी भिंतीला हात जोडले.

तू पुढं आलीस आणि त्यांच्यापुढं ट्रे धरलास. "घ्या," म्हणालीस. त्यांनी तुझ्याकडं न बघता पेला उचलला. मग तू ट्रे खिडकीत ठेवलास, तुझी पिशवी घेतलीस आणि गेलीस. मी तुला जाताना बघितलं. चार वाजता दादानं विचारलं तेव्हा रस्त्यापर्यंत पळत गेले ते नाटक होतं. तू एक वाजताच गेलीस हे मला माहीत होतं.

आईच्या मागं तूच माझी आई झालीस. आणि मी तुझ्यासमोर तुला मेलेली सांगितलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त हे तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळावं म्हणून लिहिलं. काल वहिनी निघाल्या तेव्हा मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले, आणि ते बरोबरच केलं.

मोनिका


४ जानेवारी २०२६

अक्का,

तुला काही गोष्टी कळल्या असतील, काही नसतील. सगळं क्रमानं सांगते.

मागचं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी मी दादाकडं गेले. त्याला आणि राजनंदिनीला बसवून सगळं सांगितलं. वहिनींना चित्राचं माहीतच होतं, त्या ओट्याजवळ पाठ करून उभ्या राहिल्या. दादानं भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, "पट्टे चिकटवले त्या दिवशीच मला दिसलं होतं. मी बोललो नाही. चांगलं दिसायलंय, राहू दे, म्हटलं." तो उठून गॅलरीत गेला आणि लवकर परत आला नाही.

मी म्हणाले, तात्यासाहेबांना मी फोन करणार. दादा तिथूनच ओरडला, "मोडलं तर?" तर राजनंदिनी म्हणाली, "मोडू द्या पप्पा. आवडा आत्याला मेलेली सांगून मला नाय लग्न करायचं." तिनं स्वतः नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "तात्यासाहेब, मी मोनिका, राजनंदिनीची आत्या. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. माझी थोरली बहीण जिवंत आहे. कन्नडला अंगणवाडीत असते. तिला कोड आहे. चित्रात मी ते पुसलं होतं."

मग मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला पाणी दिलं, तीच ती."

"ज्या बाईंनी पाणी दिलं त्या?"

"हो."

"म्हंजी मी त्यांच्यादेखत भिंतीला हात जोडले?"

"हो."

"ठेवा फोन," ते म्हणाले.

त्यानंतर बारा दिवस त्यांच्याकडून काही निरोप नाही. त्या बारा दिवसांत मी तिसरा पट्टा पुन्हा केला. मूळ स्कॅन होतं माझ्याकडं. ह्या वेळी बुरशी तेवढी काढली. एकेक ठिपका बघून, हा फोटोचा, हा तुझा, असं करत. सोपं नव्हतं. तुझ्या हनुवटीवर दोन्ही एकमेकांत मिसळलं आहे, तिथं मला कळेना, तर मी राजनंदिनीला तुझा अलीकडचा फोटो मागितला आणि तो शेजारी ठेवून केलं. सदफनं छापायच्या आधी फाइल बघितली. मग कागद तिनं स्वतः निवडून लावला. तिनं आधीच सांगितलं होतं की वेगळ्या वेळी छापलेला पट्टा आधीच्या तीन पट्ट्यांशी रंगाला तंतोतंत जुळत नाही. तसंच झालं. तुझा पट्टा जरा उजळ दिसतो आणि सांधा लपत नाही. दादा म्हणाला, राहू दे.

मग तात्यासाहेब तुझ्याकडं येऊन गेले. कुणाला न सांगता, जीपनं. हे आम्हाला त्यांच्या फोनवरूनच कळलं. दादानं आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. ते म्हणाले, "बाईंना भेटून आलो. पोरांच्या खुर्चीवर बसवलं मला, खिचडी खाऊ घातली. मी माफी मागाया गेलो होतो. तर त्याच म्हणाल्या, माझ्या बहिणीवर राग धरू नका. मीच तिला शपथ घातली होती, पाहुण्यांपुढं माझं नाव काढू नको, विचारलं तर नाय म्हणून सांग. धाकटी हाय, थोरलीचा शब्द मोडवला नाय तिला." मग ते म्हणाले, "अशा घरातली पोर आम्हाला पायजे. तारीख काढा."

सगळे एकदम बोलायला लागले. दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू आधीच सांगायचं ना येडे, अक्कानंच शपथ घातली म्हणून. उगंच सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं."

मी म्हणाले, "दादा, अक्कानं कसलीच शपथ घातली नव्हती."

"बरं बरं," तो म्हणाला. "आता ते राहू दे." त्यानं ऐकलंच नाही. त्याला ऐकायचं नव्हतं. वहिनींनी सगळ्यांना पेढे दिले. तुला विचारलंच नव्हतं असं लिहिलेलं माझं पत्र त्यांनी वाचलेलं, त्यांना खरं माहीत आहे. माझ्या हातावर पेढा ठेवताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तो पेढा मी खाल्ला नाही. अजून कपाटावर आहे.

तू असं का सांगितलंस, त्याचा मी सारखी विचार करते. आधी वाटलं, तू मला माफ केलंस. मग काल राजनंदिनी तुझ्याकडं पत्रिका द्यायला आली होती, तिनं परत येऊन तुझा निरोप सांगितला. अडखळत सांगितला, पण सगळा सांगितला. "लग्नाला येईन. आधी दोन दिवस येईन. पण मोनिकाकडं उतरायची नाय, आन् तिनं घ्यायला गाडी पाठवायची नाय."

तेव्हा मला कळलं. तू राजनंदिनीचं लग्न वाचवलंस. चार लोकांत माझी मान खाली जाऊ नये एवढंही केलंस, कारण तू मला वाढवलंस आणि तुला ते टाकता येत नाही. पण तुझ्या दाराशी माझं काम नाही. दोन्ही तू वेगवेगळं ठेवलंस.

बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर एवढंही केलं नसतं.

तुझं खोटं मी लोकांत मोडणार नाही, राजनंदिनीसाठी. पण तात्यासाहेब मांडवात मला जेव्हा म्हणतील की थोरलीचा शब्द पाळलात, तेव्हा मला तिथं उभं राहून ते ऐकावं लागेल. दर सणाला, दर कार्याला ऐकावं लागेल. तुझ्या मनात शिक्षा नव्हती हे मला माहीत आहे. तरी ती मला झाली आहे, आणि मी ती घेते.

लग्न वीस फेब्रुवारीला आहे. मी गाडी पाठवणार नाही, स्टँडवर येणार नाही, तुझ्या खोलीत येणार नाही. मांडवात तू माझ्याशी बोलू नकोस, ओळख दाखवू नकोस. पण तिथं पाचशे माणसं असतील, आणि त्यांतली निम्मी तुला ओळखत नसतील. जो कुणी माझ्या शेजारी उभा असेल त्याला मी तुझ्याकडं बोट करून सांगणार आहे, त्यानं विचारलं नाही तरी सांगणार आहे, की ती तिथं बसलेली आहे ना, ती माझी थोरली बहीण.

मोनिका